गाभण न्हाई, गाबडल्यात!

संस्थेत एआय आणायचा विचार असेल, तर आज सकाळी माझी झालेली फजिती आधी वाचा.

आमची छोटी संस्था कवठे महांकाळ भागात शेळ्या पाळणाऱ्या बायकांसोबत काम करते. आमच्या पशुसखी मालनताई वस्त्यांवर फिरून शेळ्या तपासतात आणि मोबाईलवर बोलून माहिती पाठवतात. महिनाभर झालं, ते बोलणं एआय लिहून काढतं. माझा रोजचा अर्धा दिवस वाचतोय, त्यामुळे मी लय खूश.

आज अहवाल आला, ‘एका कळपात तीन शेळ्या गाभण.’ मी लगेच ग्रुपवर अभिनंदन टाकलं.

दहा मिनिटांत मालनताईंचा फोन.

“आवं मॅडम, अभिनंदन कशाचं करताय? गाभण न्हाई, गाबडल्यात म्हणलं मी! तिघींची पोटातली करडं गेली. डॉक्टर धाडा आधी!”

एकाच कळपात तीन गर्भपात म्हणजे साथीची शंका. दुपारी डॉक्टर वस्तीवर पोचले. त्या शेळ्या वेगळ्या बांधल्या, रक्त तपासायला गेलं.

एआय बंद करू? अजिबात नाही. पण आजपासून, जी बोलली तिला अहवाल वाचून दाखवल्याशिवाय तो पुढे जाणार नाही.

हे सांगितलं तर मालनताई हसल्या. “मशीनला बी शिकवू की. तुमाला न्हाई का शिकवलं?”

खरंय. सांगली शहरातून इथे आले तेव्हा ‘गाबडणं’ हा शब्द मलाही कुठे माहीत होता?

तुमच्या संस्थेत मशीनला कोण शिकवतंय?