हात द्यायचा नाही

ललिताताई ओव्हाळ खालच्या कपाटातला डबा काढायला म्हणून स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या आणि त्यांना परत उठता येईना. पडल्या नव्हत्या, लागलं नव्हतं, चक्करही नव्हती. नुसतं उठता येईना. ओट्याच्या कडेला हात पोचत नव्हता आणि गुडघ्यांवर जोर दिला की गुडघे ऐकत नव्हते. फोन बाहेरच्या खोलीत. मग त्यांनी लाटण्याने ताट वाजवायला सुरुवात केली.

आमचं दार त्यांच्या दारासमोर. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. घाबरून दार उघडलं आणि आत धावले, तर बाई मांडीवर परात घेऊन खालच्या टोपलीतली मेथी निवडत बसलेल्या.

"या, पूर्वाची आई," त्या म्हणाल्या. "बसलेच आहे तर म्हटलं भाजी तरी निवडून घ्यावी. आता जरा हात द्या."

मी हात दिला आणि त्या उठल्या. तिथेच हे संपलं असतं. पण त्यांनीच ही गोष्ट फोनवर आपल्या मुलाला, ऋषीला, हसत हसत सांगितली. ऋषी हसला नाही. रविवारी तो खराडीहून आला, सोबत त्याची बायको सोनाली. मी नेमकी विरजणाला दही मागायला गेले होते, आणि ललिताताईंनी मला "थांबा" म्हणून बसवून घेतलं. साक्षीदार लागतो, हे त्या सरकारी नोकरीत शिकल्या असाव्यात.

"आई, आता पुरे," ऋषी म्हणाला. "तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात तू एकटी. आमच्याकडे चल. हे घर भाड्याने देऊ. एजंटशी बोललोय मी."

"माझ्या घराबद्दल?"

"तुला खाली बसलं की उठता येत नाही, आई. उद्या बाथरूममध्ये असं झालं तर?"

मुलगा वाईट नाही. त्या दिवशी तो खरोखर घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस दुसऱ्याचं घर फार चटकन भाड्याने देतो.

हे घर म्हणजे काय, ते सांगायला हवं. ललिताताई टायपिस्ट म्हणून सरकारी ऑफिसात लागल्या आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाल्या. येरवड्यातली आमची सोसायटी अशाच नोकरदारांनी मिळून उभी केलेली. त्यांच्या दारावर एकट्या त्यांच्या नावाची पाटी आहे, आणि ती त्यांचे यजमान संभाजीराव हयात असतानाच लागलेली. "कर्ज तिने फेडलं, पाटी माझी कशी?" असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. मुलाचं घर मोठं आहे, चौदाव्या मजल्यावर आहे, सून गोड आहे. पण ललिताताई तिथे दोन दिवस राहून आल्या की म्हणायच्या, "पाणी प्यायचं तरी ग्लास कुठल्या कपाटात ते विचारावं लागतं. आणि दर वेळी कपाट बदललेलं."

तर त्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि ऋषीला सांगितलं, "दसऱ्यापर्यंत थांब. तोवर कुणाच्या आधाराशिवाय खालून उठायला लागले, तर एजंटचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर मी स्वतः बॅग भरते."

"कशी उठशील?"

"ते माझं मी बघते."

त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीची, अख्तरबानू बागवान यांची, मुलगी आलिमा जिममध्ये ट्रेनर आहे. सकाळ-संध्याकाळ जिम, मधल्या वेळात लोकांच्या घरी जाऊन शिकवते. डोक्याला घट्ट स्कार्फ, पायात बूट, आणि बोलणं एकदम पेठेतलं. ललिताताईंनी तिला बोलावलं. तिने आधी त्यांना डॉक्टरकडे पिटाळलं. झीज आहे पण व्यायामाला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच ती आली.

पहिल्या दिवशी तिने काहीच शिकवलं नाही. म्हणाली, "मावशी, खाली बसून दाखवा."

"बसेन. उठवणार कोण?"

"आज मी उठवते. शेवटचं."

त्या ओट्याला धरून बसल्या, आणि मग उठायच्या वेळी आपोआप हात वर केला, लहान मूल करतं तसा. समोर मी चहाचा ट्रे घेऊन उभी. ट्रे ठेवून मी पुढे झालेच.

"काकू, हात मागे," आलिमा म्हणाली. "तुम्हीच यांना बसवून ठेवलंय."

मला राग आला, खरं सांगते. घरात वयस्कर माणूस उठायला लागलं की आपला हात पुढे होतो, यात आपण ठरवतो असं काही नसतंच. पण आठवून पाहिलं. जिन्यात मी त्यांची पिशवी घेत होते. भाजीवाल्याकडे कुणीतरी स्टूल पुढे करत होतं. विहारात दर पौर्णिमेला वंदना घ्यायचा मान त्यांचा, आणि तिथे काही वर्षांपासून न मागता त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची येत होती.

"विहारात पूर्वी कशा बसायचात?" आलिमाने विचारलं.

"गुडघ्यांवर. तीनदा वाकून, कपाळ टेकवून. आता खुर्चीतूनच हात जोडते."

"आमच्या अम्मीचं पण तेच. नमाजला खुर्ची घेतली. एकदा खुर्ची आली ना मावशी, की ती जात नाही. आपण तुमची घालवू. तुम्हाला वंदनेसारखंच बसवायचं आणि तिथूनच उठवायचं."

आणि मग तिने काय केलं, तर घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढायला लावल्या. ललिताताईंच्या गोधड्या म्हणजे त्यांच्या ऑफिसच्या जुन्या साड्या. त्यांची चळत तिने भिंतीशी रचली, खुर्चीच्या उंचीची. त्यावर बसायचं आणि हात छातीशी बांधून उठायचं. जमायला लागलं की वरची एक गोधडी काढायची. इतकीच तिची युक्ती. बाकी भिंतीला हात लावून ढकलणं, रबरी पट्टा पायात अडकवून पाय फाकवणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, हे सगळं होतंच. जेवणावरही तिचं लक्ष. चहा-खारीवर दुपार काढणाऱ्या बाईला तिने अंडी आणि उसळी खायला लावल्या.

"रविवारचं मटण चालेल का?" ललिताताईंनी विचारलं.

"चालेल. मला पण बोलवा."

सोसायटीला विषय मिळाला. खालच्या मजल्यावरच्या भाग्यश्री एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, "ललिताताई, या वयात ट्रेनर? आम्ही तर ऐकून थक्क झालो."

"व्हा थक्क," ललिताताई म्हणाल्या. "या वयात गुडघे बदलले तर तुम्ही फळं घेऊन भेटायला येता. वापरले तर थक्क होता."

आणि कठडा न धरता वर निघून आल्या. वर आल्यावर दाराशी मात्र बराच वेळ दम खात उभ्या होत्या. ते भाग्यश्रींना दिसलं नाही, मला दिसलं.

सगळं सरळ झालं असं मुळीच नाही. श्रावणात चळत बरीच खाली आली होती. आलिमाला हुरूप आला आणि तिने एकदम दोन गोधड्या काढल्या. ललिताताईंनी जोर लावला, अर्ध्यात लटकल्या आणि धपकन बसल्या. दुसऱ्या दिवशी डावा गुडघा सुजून टम्म. मी शेकायला पिशवी घेऊन गेले तेव्हा आलिमा तिथेच खाली मान घालून बसली होती.

"माझं चुकलं, मावशी. दसरा जवळ आला म्हणून मी घाई केली."

"तारीख मी दिली होती, तू नाही," ललिताताई कडक आवाजात म्हणाल्या. "रडू नकोस. पुढचं सांग."

"सूज उतरेपर्यंत आराम. मग दोन्ही गोधड्या परत ठेवायच्या."

"मागे जायचं?"

"मागे जायचं."

त्या आठवड्यात ऋषीचा फोन आला. मी समोर होते. तिकडून त्याने गुडघ्याचं विचारलं असावं, कारण ललिताताई म्हणाल्या, "गुडघा आहे. जागेवर आहे. तू एजंटला फोन करायची घाई करू नकोस." फोन ठेवून त्यांनी भिंतीजवळच्या त्या चळतीकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "पूर्वाची आई, वरच्या दोन ठेवा हो परत. मला वाकवत नाही आज." एवढं मात्र त्यांनी मला करू दिलं.

भाद्रपद सरता सरता एकच गोधडी उरली. मग तीही गेली. शेवटी आलिमाने त्यांना गुडघ्यांवर बसवलं, पायाची बोटं मुडपून. एक पाय पुढे, पाऊल पूर्ण टेकलेलं, शरीर किंचित पुढे, आणि वर. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी नेहमीच्या जागी, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसले होते. आलिमाने ती सवय मला लावली होती. ललिताताई उभ्या राहिल्या, स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. चहा कोण ठेवतंय?" मग स्वतःच ठेवायला गेल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऋषीचा निरोप आला. उद्या येतोय, आई उठून दाखवेल तेव्हा व्हिडिओ काढू. ललिताताईंनी तो मला वाचून दाखवला आणि फोन पालथा ठेवला.

"मी काय सर्कशीत आहे?" म्हणाल्या. "खालून उठणं ही माझी गरज. त्याला दाखवायचा खेळ नाही."

"पण तुम्हीच शब्द दिला होता ना?" मी विचारलं.

"उठेन असा दिला होता. दाखवेन असा नाही."

दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, त्यांच्याकडे खीर असते आणि मला बोलावणं असतं. मी गेले तेव्हा सगळे पांढऱ्या कपड्यांत तयार होते. बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागलेल्या. ऋषीने फोन सोफ्यावर तयार ठेवला होता. मी दाराशी उभी राहिले. ऋषी आणि सोनाली चटईवर बसले. ललिताताईंसाठी ऋषीने खुर्ची ओढली. त्यांनी ती पायाने बाजूला सारली आणि सावकाश गुडघ्यांवर बसल्या.

वंदना झाली. त्या खणखणीत आवाजात म्हणत होत्या, मागून ते दोघं. तीनदा वाकून कपाळ टेकवलं. त्यानंतर त्यांच्या घरात थोडा वेळ सगळे डोळे मिटून गप्प बसतात, आणि ललिताताईंनी "झालं" म्हटल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. ही शिस्त ऋषीला लहानपणी लागली. तो एका डोळ्याने खिरीच्या पातेल्याकडे बघायचा, म्हणून.

घर शांत झालं. ऋषीचे डोळे घट्ट मिटलेले. ललिताताईंनी डोळे उघडले. उजवा पाय पुढे घेतला, पाऊल टेकवलं. क्षणभर अडल्या. मी हात पाठीमागे बांधून घेतले. मग त्या वर आल्या, भिंतीला नाही, खुर्चीला नाही, कशालाही न शिवता. पदर सारखा केला आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथून आवाज आला, "झालं."

ऋषीने डोळे उघडले. शेजारची जागा रिकामी. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात खिरीची वाटी.

"तू कधी उठलीस?"

"आत्ता."

"आई, परत एकदा. मी पाहिलंच नाही."

"तू पाहावंस म्हणून मी उठले नव्हते."

"अगं, पण आपलं ठरलं होतं—"

"मी पाहिलं, ऋषी," सोनाली मधेच म्हणाली. "माझे डोळे उघडे होते. कशालाही हात लावला नाही आईंनी."

ऋषीने फोन उचलला, परत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "आणि कधी पडलीस तर? मी खराडीत. मला कळणार कसं?"

त्याच्या आवाजात वाद नव्हता, नुसती भीती होती. ललिताताईंनाही ते कळलं. त्यांनी वाटी टीपॉयवर ठेवली.

"पडेन की. पडले तर उठेन. आणि एखाद्या दिवशी नाहीच जमलं, तर मेथी निवडत बसेन. समोर किल्ली आहे."

"एजंटला काय सांगू?"

"सांग, घर रिकामं नाही."

ऋषीने मान हलवली. तो अजून चटईवरच मांडी घालून बसला होता. खीर घ्यायला उठायला गेला, तर पायांना मुंग्या आलेल्या. दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस. एक हात जमिनीवर टेकवला, दुसरा सोफ्याकडे नेला, सोफा लांब होता. मग त्याने नकळत हात वर केला, अगदी आईसारखा. सोनाली लगेच वाकली.

"सोनाली," ललिताताई म्हणाल्या, "हात देऊ नकोस. उठेल तो."