सपाट कशाला म्हणायचं

रस्त्यावर उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं लांबवर बघत राहायचं, ही त्याची सवय. रुळांवर काम करणारी माणसं रूळ सरळ आहे की नाही ते असंच बघतात, आणि त्याची सगळी नोकरी रेल्वेत, रुळांवरच गेली. पण रुळावर बसणं वेगळं आणि डहाणूच्या समुद्राकडच्या रस्त्यावर, माझ्या चहाच्या टपरीपुढं, रिक्षांच्या तोंडाशी बसणं वेगळं. तेवढ्यानं समाधान झालं नाही की बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतायचा आणि ते कुठं जातं ते बघायचा.

"मावशी, हा रूट फास्ट नाही, पळायला जड जाईल. बघा, पाणी तिकडं चाललं."

"प्यायचं पाणी आहे ते. आणि चिखल माझ्या दारात."

बायको गेल्यावर कोणी देवाला लागतं, कोणी दारूला. हा पळायला लागला. पंचावन्न उलटलेला माणूस, आखूड चड्डी घालून पहाटे बोर्डीच्या रस्त्याला पळायचा आणि येऊन माझ्या बाकड्यावर घाम गाळत बसायचा. गिऱ्हाइकं सरकून बसायची. बेचाळीस किलोमीटरच्या शर्यती तो दोन-तीन ठिकाणी पळून आला होता, आणि दर वेळी चार तासांच्या वर थोडा वेळ जायचाच. कुठं पूल आडवा आला, कुठं ऊन, कुठं वारा. स्वतःचे पाय कधी आडवे आले नाहीत.

एकदा विचारलं, "चारच तास कशाला? पाच लागले तर कोण फाशी देतंय?"

"चारच्या आत आला तर माणूस पळाला म्हणतात, मावशी. चारच्या बाहेर गेला तर पोचला म्हणतात."

हे म्हणताना तो हसला नाही.

मग डॉक्टरनं सांगितलं, गुडघा झिजलाय. एकदाच काय ते लांब पळून घ्या, नंतर चालायचं. झालं! एकच शर्यत उरली, म्हणून ती कुठली ते ठरवायचं. मुलीसाठी स्थळं बघावीत तशी हा गावोगावच्या शर्यती बघायला लागला, आणि प्रत्येकीत खोट. इथली हवा थंड, पण चढ. तिथला रस्ता सपाट, पण हवा दमट. एक शर्यत सगळी घाटातून खाली उतरणारी होती. तिच्यावर चार दिवस खूश. पाचव्या दिवशी कोणीतरी सांगितलं, उतारावर गुडघा आधी जातो.

"उतार तुझ्या वयालाच लागलाय," मी म्हटलं. "रस्त्याला आणखी कशाला पाहिजे?"

"मावशी, रेल्वेत रुळाशेजारी पाटी असते. चढ किती, उतार किती, सगळं लिहिलेलं. रस्त्याला का नसावी?"

"माझ्या चहाला पण पाटी लाव. साखर किती, पाणी किती."

पुढं तर तो गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावर जाऊन ट्रकवाल्यांना विचारून आला, गुजरातेत रस्त्याला चढ कुठं लागतो. एका सरदारजीनं त्याला विचारलं, "गाड़ी खाली है या भरी?" हा आपला आल्या पावली परत. मला सांगताना म्हणाला, "आता याला काय उत्तर देणार?" मी चहा गाळत राहिले.

सरावाला त्याला समुद्राचा वारा नको झाला. माझं माहेर तलासरीच्या पलीकडे डोंगराला लागून. तर मलाच विचारलं, "विवळवेढ्याच्या देवळापासून तुमच्या गावाकडं रस्ता कसा आहे?"

"सपाट."

"नक्की?"

"जन्म गेला त्या रस्त्यावर. सपाट म्हणजे सपाट."

दुसऱ्या दिवशी दुपारी गवताच्या टेम्पोत गठ्ठ्यांवर बसून आला. गुडघा नारळाएवढा.

"मावशी, हे सपाट? तीन टेकड्या आहेत!"

"टेकड्या बाजूला आहेत."

"बाजूला? मी त्यांच्यावरून पळालो!"

"हे बघ," मी म्हटलं, "डोक्यावर लाकडांचा भारा असताना शेजारणीशी बोलत बोलत जाता येतं, त्या रस्त्याला आम्ही सपाट म्हणतो. बोलणं बंद पडलं की तो चढ. त्या रस्त्यावर आमचं बोलणं कधी बंद पडलं नाही."

तो गुडघ्यावर बर्फ चोळायला लागला. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. त्यानं कोणता सपाट ते विचारायला हवं होतं.

पंधरा दिवस लंगडला. मला वाटलं, आता सुटले. पण नाही. शेवटी गुजरातेतल्या एका शहरातली शर्यत पक्की केली. नदीकाठचा रस्ता, गार पहाट, वळणं कमी. आधी एकदा जाऊन तिथं पाणी ओतून आला. पाणी जागच्या जागी थांबलं म्हणे. मला ते तीनदा सांगितलं. इतका आनंद लोकांना नातू झाल्यावरही होत नाही.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. बाकड्यावर हळूच बसला, पाय लांब करून. मी न विचारता चहा दिला. शेवटी मलाच राहवेना.

"कसा होता रस्ता?"

"एकदम फास्ट होता, मावशी. चढ नाही, वारा नाही. काही म्हणजे काहीच नव्हतं."

"मग?"

त्यानं चहा संपवला. ग्लास उलटा करून ठेवला.

"पोचलो," म्हणाला.

मला राग आला. कोणाचा ते कळेना. रस्त्यात खोट असती तर निदान तिला शिव्या देता आल्या असत्या. मी त्याला दुसरा चहा दिला आणि म्हटलं, "पी. आणि ती चड्डी आता फेकून दे."

निवृत्त झाल्यावर त्याच्या लग्न झालेल्या मुलीनं त्याला आपल्याकडं नाशकाला नेलं. निघताना मी बजावलं, पोचल्यावर फोन कर. 'पोचलो' एवढा शब्द त्याला चांगला येत होता.

रात्री फोन आला. "पोचलो, मावशी. पण मुलीच्या दारातून निघालं की लगेच चढ आहे हो."

"चालून बघितलास?"

"आत्ताच आलो. नातीला खांद्यावर घेऊन."

"ती काय करत होती?"

"बडबड. मी पण."

"मग सपाट आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता पहाटे टपरी उघडते, बाकडं पुसते. पुढचा रस्ता कोरडा असतो.