कलकत्तेवाली, मुंबईवाली आणि ठेंगणी

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या वर्षाकाठी कुणीतरी गोधडीला मागून नेतं. किस्से कोण नेणार? ते माझ्याकडेच पडून राहिलेत. बायको म्हणते, तेच तेच सांगता. सांगतो! ज्याला ऐकायचं नसेल त्यानं आपलं उसवलेलं दुसरीकडे शिवून घ्यावं.

माझं दुकान पौडात, मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालाच. शेजारी चहाचं हॉटेल. त्यामुळे पुण्याहून सहलीला निघालेली प्रत्येक मोटार माझ्या मशीनसमोर येऊन थांबायची. साठ सालाच्या आसपासचा काळ सांगतोय, मोटारी मोजक्या होत्या. दुकानाच्या ओट्यावर आमची चौघांची बैठक. मी, बैलांचे दलाल कोंडिबा आबा, शाळेचे जोशी मास्तर आणि डॉक्टरबाईंचा ड्रायव्हर गणपत. चौघांत मिळून वाहन एकच, मास्तरांची सायकल. तिला ब्रेक नव्हता. पण मोटारींवरून आम्ही असे भांडायचो, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांच्या दारात दोन-दोन उभ्या आहेत.

कंपन्यांची नावं आमच्यात कुणी घेत नसे. बैल जसा मुलखावरून ओळखतात, तशी गाडी ती जिथं बनते त्यावरून ओळखायची. थोराड अंगाची ती कलकत्तेवाली, चटपटीत ती मुंबईवाली आणि दोन दारांची नवी निघाली होती ती मद्रासवाली. आबा कलकत्तेवालीचे. मास्तर मुंबईवालीचे. मद्रासवालीला कुणीच वाली नव्हता. आणि गणपत फक्त डॉक्टरबाईंच्या जुन्या गाडीचा. ती लढाईच्या आधीची विलायती गाडी, बुटकी, काळी. गाव तिला ठेंगणी म्हणायचं.

*

आबा गाडी बघायचे ती मागून. चहाला गाडी थांबली की हे उठणार, मागं जाऊन उकिडवे बसणार, पाठीवरून हात फिरवणार. मग पुढं येऊन चाल कशी आहे ते विचारणार.

एकदा पुण्याचे एक शेठ नवीकोरी कलकत्तेवाली घेऊन आले. आबांनी रीतसर सगळं बघितलं आणि शेठना म्हणाले, दात दाखवा. शेठ बावचळले. आपलेच दाखवावेत की काय अशा बेतात होते. गणपतनं मध्ये पडून बॉनेट उघडायला लावलं आणि आतले प्लग दाखवले. आबांनी बोट लावून ते मोजले. चार भरले.

"चार दाती हाय," आबा म्हणाले. "घ्या बिनघोर. आजून अंगानं वाढंल."

शेठनी आबांच्या चहाचे पैसे दिले. गाडी वाढली की नाही ते कळलं नाही, परत कधी आली नाही ती.

*

मास्तरांची तऱ्हा निराळी. हा माणूस उभ्या आयुष्यात मोटारीत बसला नव्हता, पण मुंबईवालीबद्दल कुणी वावगं बोललं की दोन दिवस बोलायचा नाही. त्यांनी कंपनीला पोस्टकार्ड टाकून माहिती मागवली. कंपनीनं रंगीत चित्र पाठवलं. ते मास्तरांनी चौथीच्या वर्गात, महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी लावलं.

झालं, त्याच महिन्यात तपासणीला साहेब आले. चित्र बघून त्यांनी मुलांना विचारलं, भारतातली सर्वांत चांगली मोटार कुठली? पोरांनी एका सुरात मुंबईवालीचं नाव ओरडून सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. मास्तरांना कळेना, मुलं एवढी धडाधड उत्तरं देतायत तर बिघडलं कुठं. आठ दिवसांनी शेरा आला. मास्तरांनी तो ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवला.

"मुलांचे सामान्यज्ञान समाधानकारक. मत मात्र चुकीचे."

आबा म्हणाले, साहेब जाणता माणूस दिसतो. मास्तर पुढं आठवडाभर ओट्यावर आले नाहीत.

*

आता गणपत. हा मूळचा बैलगाडीवाला. डॉक्टरबाई नवीन आल्या तेव्हा ह्याच्याच गाडीतून वाड्यावस्त्या फिरायच्या. पुढं त्यांनी ठेंगणी घेतली आणि ह्यालाच शिकवून ड्रायव्हर केलं. हातातला कासरा सुटला, पण सवयी सुटल्या नाहीत. चढाला लागला की "चल गं बाय, आलंच आता," म्हणायचा. ब्रेक दाबताना तोंडानं "हो हो" करायचा. दुपारी आंब्याखाली लावून बॉनेट उघडायचा आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, दम खाऊ दे तिला.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून ठेंगणीलाही सुट्टी. अंगावर झूल मी शिवलेली. एका पोळ्याला नांद्याहून माणूस धावत आला, बायको अडली होती. बाई बॅग घेऊन बाहेर आल्या. गणपतनं ठेंगणीच्या चाकाला हात लावून माफी मागितली, झूल उतरवली आणि पावसाच्या चिखलातून बाईंना नेलं. पोर सुखरूप झालं. परत आल्यावर बाईंनी स्वतः बॉनेटवर पुरणपोळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाई चालत वाडीवर निघालेल्या दिसल्या. मी विचारलं, गाडी बिघडली का?

"नाही हो रामभाऊ," बाई म्हणाल्या. "तिची कालची सुट्टी आज आहे."

*

अशात एक दिवस बाईंनी ओट्यापाशी थांबून सांगितलं, की त्यांनी नव्या गाडीचा नंबर लावलाय. तेव्हा नंबर लावला की चार-चार, पाच-पाच वर्षं वाट बघायची. कुठली गाडी ते मात्र सांगेनात. तुमचं काय मत, म्हणाल्या आणि गेल्या.

मग काय विचारता! आबा म्हणाले, कलकत्तेवालीत अडलेली बाई आडवी झोपवून आणता येईल. मास्तर म्हणाले, मुंबईवाली पेट्रोल कमी पिते आणि बोळात वळते. हे भांडण सुमारे पाच वर्षं चाललं. तेवढ्यात माझ्या थोरलीचं लग्न होऊन तिला दोन पोरं झाली.

गणपत ह्यात पडायचा नाही. त्या पहिल्या दिवशी तो मशीनशेजारी येऊन बसला आणि बराच वेळ माझी कात्री उघडझाप करत राहिला. मग हळूच विचारलं.

"रामभाऊ, नवी आली की हिला विकनार. खाटकाला तर न्हाई ना जायची?"

खाटीक म्हणजे भंगारवाला. मी म्हटलं, बाई तसं करतील का? तर म्हणाला, बाई करायच्या न्हाईत, पर दुसरं घेनार कोन? खोटं कशाला सांगू, मलाही तीच भीती वाटत होती. तिचा सेल्फ कधीच मेला होता, पुढून लोखंडी हँडल घालून मारल्याशिवाय ती सुरू होत नव्हती. गणपतला स्वतःला ती घेणं झेपणारं नव्हतं आणि बाईंकडे एकच शेड होती. पाच वर्षं तो माणूस नवी गाडी येऊ नये म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसला होता आणि आम्ही दोघं-तिघं कलकत्ता-मुंबई करत होतो. आता आठवलं की वाईट वाटतं.

*

शेवटी कार्ड आलं. बाईंचा नंबर लागला. बाईंनी कार्ड ओट्यावर आणून मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी वाचलं, परत वाचलं आणि आबांकडे दिलं. आबांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनीही उलटसुलट करून बघितलं.

मद्रासवाली! पाच वर्षांपूर्वीच तिचाच नंबर लावलेला. आम्ही एवढे घसे कोरडे केले, कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत.

आबा दुखावले. "बाई, तिला दोनच दारं हायेत की वो."

"गणपत आणि मी," बाई म्हणाल्या. "दोघांना दोन पुरे."

गणपत हसला, पण त्याचं लक्ष शेडकडे होतं.

*

ठेंगणीला गिऱ्हाइकं यायला लागली. गणपतनं बाईंना सांगून ठेवलं होतं की जनावर विकताना खोड लपवायची नसते, सगळं मी सांगणार. आणि सांगायचा! तेल गळतं, उजवं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, पावसात वायपर हातानं फिरवावा लागतो. गिऱ्हाईक भंगारवाला असला की ह्यात आणखी चार खोडी घालायचा. एक जण पत्र्यावर टिचकी मारून जाडी बघत होता, त्याला तर म्हणाला, हिच्यात एक मानूस मेलाय. डॉक्टरची गाडी, मेलाही असेल. तो निघून गेला.

मग लिमये आले. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे, बारीक अंगाचे, जाड चष्मा. त्यांनी सगळ्या खोडी मान खाली घालून ऐकल्या. गणपत त्यांना चढापर्यंत चक्कर मारून घेऊन आला. उतरल्यावर लिमयांनी खिशातून डायरी काढली.

"चढाला तुम्ही तिला काहीतरी म्हणालात," ते म्हणाले. "तेवढं परत सांगा, लिहून घेतो."

गणपतनं सांगितलं. त्यांनी नीट लिहून घेतलं, "चल गं बाय, आलंच आता." मग पेनाला टोपण लावलं. गणपत आत जाऊन बाईंना म्हणाला, ह्यांना द्या.

सौदा रुमालाखालीच व्हायला पाहिजे, असं आबांनी बजावलं. बैलबाजारात कापडाखाली बोटं धरून भाव करतात, तसा. पण बाईंनाही त्या बोटांची खूण कळत नव्हती आणि लिमयांनाही. तेव्हा आबांनी माझ्याकडून वीतभर मांजरपाट घेतलं, दोघांच्या वतीनं आपलेच दोन्ही हात त्याखाली घातले आणि चांगली पंधरा मिनिटं स्वतःशी घासाघीस केली. मध्ये एकदा रागावून उठायलाही निघाले होते.

*

गाडी जायची त्या दिवशी गणपतची बायको हिराबाई आली. तिनं चारी चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ठेवला. गणपतनं किल्ली लिमयांच्या हातात दिली. लिमयांनी हँडल मागितलं.

"ते न्हाई मिळायचं," गणपत म्हणाला.

लिमयांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे जनावर देतात, दावं देत नाहीत. दावं घरात राहिलं की लक्ष्मी घरात राहते म्हणतात."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. लिमये "बरं" म्हणाले आणि आत जाऊन बसले. आता हँडल नाही म्हटल्यावर ढकलण्याशिवाय इलाज नव्हता. आबा, मास्तर, मी, सगळे लागलो. मधोमध गणपत होता. ती सुरू होऊन पुढं गेली तेव्हा आम्ही हात काढले, हा तिच्यामागं थोडा पळाला. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत परत आला. त्या दिवशी ओट्यावर कुणी मोटारीचा विषय काढला नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी, ठेंगणी दुकानासमोर उभी. लिमये खाली उतरून म्हणाले, पुण्यात घरासमोर उतार आहे म्हणून भागतं, इथं सपाटीला चहाला थांबलो आणि पंचाईत झाली. गणपत घराकडे पळत सुटला. हँडल घेऊन आला, आधी बॉनेटवरून हात फिरवला, तेल बघितलं, मग हँडल मारलं. एका फटक्यात सुरू.

तेव्हापासून दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी हेच. लिमये चहाला थांबणार, बंद करणार, गणपत हँडल आणणार. दोघं तासभर गाडीशेजारी उभे राहून बोलायचे, म्हणजे गणपत बोलायचा. मद्रासवाली तो निगुतीनं चालवत होता, त्याबद्दल बाईंची तक्रार नव्हती. पण रविवारी सकाळपासून त्याचा एक डोळा रस्त्यावर असायचा. आबा म्हणायचे, एवढा शिकल्याला मानूस, पर एक हँडल घ्यायची अक्कल न्हाई. आम्ही हसायचो. मीही हसायचो.

अशी तीन वर्षं गेली. एका रविवारी लिमये म्हणाले, सीटं फाटलीत, नवी कव्हरं शिवून द्या. गाडी दाराशी लावून ते बाईंना भेटायला गेले. गणपत हँडल आणायला घरी गेला. मी टेप घेऊन आत शिरलो आणि माप घ्यायला मागची सीट उचलली.

खाली हँडल होतं. नवंकोरं, एकदाही न वापरलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. एका टोकाला कागद फाटला होता. कागद पिवळा पडलेला. तारीख वाचता येत होती, ठेंगणी विकली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी सीट होती तशी बसवली. बाहेर आलो तर गणपत आपलं हँडल खांद्यावर टाकून लगबगीनं येत होता.

"झालं का माप?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "मार हँडल."