मारुतीसमोर धरलेली चादर

आमच्या आईचं म्हणणं अगदी सरळ होतं: रक्त थांबलं की मी दवाखान्यात जाते.

अहो, रक्त थांबत नाही म्हणूनच तर जायचं होतं! अडीच महिने झाले होते. तोंड पांढरंफटक, दोन पायऱ्या चढली की धाप. पण आमच्या गावचा मारुती नेमका वेशीवर, रस्त्याकडे तोंड करून बसलेला, आणि दवाखान्याकडे नेणारी शेलूबाजारची जीप त्याच्या नाकासमोरून जाते. पाळीतल्या बाईनं त्याच्या नजरेसमोरून जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. चार दिवस घरी बसायचं, पाचव्या दिवशी न्हाऊन निघायचं. आईचा पाचवा दिवस काही उगवेना.

मी सासरहून आले ती भांडायलाच. "मारुतीले दुसरं काही काम नाई काय व? तुह्याचकडे पाहत बसते तो?"

"तुले का होते बोलायले! उद्या गावावर काही आलं तं लोक माह्या नावानं बोंबलतील."

"अन् तू मेली तं?"

बोलून गेले आणि मलाच रडू आलं.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. दर शनिवारी मारुतीला तेल वाहणारा माणूस. पाळी हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता. त्यांनी दोरीवरची चादर ओढली, खांद्यावर टाकली, "जीप बोलाव," म्हणाले आणि निघून गेले.

आईला कशीबशी बसवून जीप वेशीजवळ आली तर पाहते काय! बाबा मारुतीसमोर चादर दोन्ही हातांनी ताणून उभे. गुलाबी फुलांची चादर आणि वर बाबांची टोपी. पारावरची मंडळी खो खो हसत होती.

"काय गा, देवाले पडदा कायले?"

बाबांचे कान लाल झाले. मला वाटलं, मारतील आता काहीतरी थाप.

"बायकोची पाळी थांबून नाई राह्यली," ते मोठ्यानं म्हणाले. "असंच राह्यलं तं मरन माही बायको. दवाखान्यात नेऊन राह्यलो. हसायचं तं हसा."

आई पदरात तोंड खुपसून हसत होती की रडत होती, तिलाच ठाऊक. जीप पुढे गेली तसे बाबा चादर गुंडाळत धावत आले आणि आमच्या शेजारी बसले.

शेलूबाजारहून पुढे वाशीमला गेलो, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीतली गाठ काढली. "इतके दिवस काय करत होतात?" त्या रागावल्या.

"चादर सापडत नोहती," आई म्हणाली.

आई घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारची काकू दारात उभी. वर्षभर ती स्वतःबद्दल "मले नुसता अशक्तपणा हाये" म्हणून सांगायची, आणि आम्हीही ऐकून घ्यायचो. आईची विचारपूस झाली, चहा झाला, तरी ती हलेना. शेवटी मान खाली घालून बाबांना म्हणाली,

"भाऊजी, मंगळवारी माह्यासाठी धरता काय चादर?"