अयोध्याचं न जमलेलं काम

तामलवाडीच्या बौद्ध वस्तीतली अयोध्या पुण्यात कॉम्प्युटर शिकून आली आणि सत्त्याऐंशीच्या हंगामात जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लागली. पावसानं दगा दिला होता, ऊस उभ्या जागी वाळत होता. गाडीतळावर नंबरासाठी रोज हमरीतुमरी व्हायची. बैलगाड्या ताटकळत राहायच्या आणि संचालकांचे ट्रॅक्टर थेट गव्हाणीवर, ऊस गाळपाला टाकतात तिथं, जायचे.

नंबर आता मशीननं लावायचे, असं ठरलं. नवा कॉम्प्युटर आला. पडद्यावर चौकटी, बटणं आणि माऊसनं फिरणारा बाण. नियम सारखे बदलायचे, म्हणून अयोध्यानं ते साध्या ओळींत लिहायची सोय केली, आणि त्या ओळी एकेक वाचून अर्थ लावणारा इंटरप्रिटर स्वतः लिहिला.

पण इंटरप्रिटर चालू झाला की पडदा गोठायचा. बाण हलेना, बटण दाबलं तरी दाद लागेना. वजनकाट्यावरचा कारकून बाबू वैतागून माऊस आपटायचा. त्याचं कारण अयोध्याला कळलं होतं. पडद्याचा प्रोग्राम गोल गोल फिरत विचारत असतो, कुणी बटण दाबलं का, कुणी बाण हलवला का. इंटरप्रिटर एकदा आत शिरला की सगळ्या ओळी संपेपर्यंत बाहेर येत नव्हता. मग विचारणार कोण? तिनं बरेच खटाटोप केले, आणि शेवटी फेरा पडद्याचाच ठेवला. इंटरप्रिटरनं एक ओळ वाचायची, कुठवर आलो ते लक्षात ठेवायचं आणि मुकाट्यानं परत जायचं. पुढच्या फेऱ्यात पुन्हा बोलावणं येईल. नियम चालू असताना बाण पडद्यावर सरसर फिरला, तेव्हा ती एकटीच हसली.

संचालक व्यंकटराव बघायला आले. नियम चालू असतानाच त्यांनी बाण फिरवून पाहिला.

"म्हंजी चालू असताना मधीच थांबवता येतंय?"

"हो, कधीही," अयोध्या अभिमानानं म्हणाली.

लगेच 'थांबा' असं बटण करायचा हुकूम आला. गव्हाण बंद पडली तर लागेल, असं सांगितलं. तिनं करून दिलं. मग व्यंकटरावांचा ट्रॅक्टर फाटकात आला की बाबू 'थांबा' दाबायचा, त्या ट्रॅक्टरचा नंबर यादीत वर घालायचा आणि पुन्हा चालू करायचा. पूर्वी लोक भांडायचे तरी. आता नंबर मशीनचा म्हटल्यावर बोलायचीही सोय राहिली नाही.

ढोकीकडची भिमाबाई गाडी घेऊन परवापासून उभी होती. तिच्या उसाचं चिपाड झालं होतं. ती खिडकीशी आली.

"बाई, तुमच्या मशीनला बी माणूस वळखू येतंय व्हय?"

बटण काढू द्या म्हणून अयोध्या तडक कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडं गेली. त्यांनी तिला परत पाठवलं. तेव्हा तिनं इंटरप्रिटर पडद्याच्या फेऱ्यातून तोडून टाकला; तो पहिल्यासारखा सगळ्या ओळी एका दमात वाचू लागला. पडदा पुन्हा गोठायला लागला आणि 'थांबा' कितीही दाबलं तरी ऐकायला कुणी उरलं नाही. काही दिवस गाड्या आल्या क्रमानं सुटल्या.

साहेबांनी बोलावून विचारलं, तेव्हा हंगाम सरेपर्यंत तरी निभावं म्हणून ती खाली मान घालून म्हणाली, "मला जमेना झालंय, साहेब."

निभलं नाही. पुण्याहून माणूस आला. त्यानं तिच्याच कपाटातली आधीच्या प्रोग्रामची जुनी फ्लॉपी चढवली आणि बाण फिरायला लागला. त्याला शाल-नारळ दिला. राखीव जागेवरची माणसं अशीच निघायची, असं व्यंकटराव सगळ्यांदेखत म्हणाले. अयोध्यानं राजीनामा दिला आणि पुढं धाराशिवात टायपिंगच्या क्लासवर शिकवू लागली.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून तिला शिकवणारी आई, कडूबाई, हे सगळं गावात ऐकून होती. एकदा जेवताना तिनं विचारलं, "खरं सांग, तुला येत नव्हतं का?"

"येत होतं, आई."

कडूबाईनं मान हलवली आणि ताटात भाजी वाढली. तिला ते खरं वाटलं नव्हतं.