अर्ध्या नोटेची पोच

खळीचा वास आला की मला भोकरदनची ती घटना आजही आठवते. निजामाच्या राज्यात मी तिथं अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार.

एका सराफानं खबर दिली की राजूरचे एक निवृत्त मास्तर बाजारात जुन्या, कापलेल्या नोटा विकत घेतात. तुकडे जोडून खोट्या नोटा खपवत असणार, असा मी तर्क केला. तेव्हा मला माझ्या तर्काचा फार अभिमान होता.

झडतीत पत्र्याची पेटी निघाली. आत जुन्या नोटा, बऱ्याचशा अर्ध्या. मास्तरांनी विरोध केला नाही. फक्त एक तुकडा धरून म्हणाले, "साहेब, समदं न्या. एवढा भावाचा राहू द्या."

चोराच्या मनात चांदणं, म्हणत मी तोच आधी घेतला. मुद्देमालातला कागद कुणी बदलू नये म्हणून तो जाड कागदावर खळीनं चिकटवून मोहोर मारायची आमच्या ठाण्याची रीत होती. जमादारानं सगळे तुकडे तसे चिकटवले.

चौकशीत मास्तरांनी शांतपणे सांगितलं. पूर्वी टपालात चोरी होई म्हणून लोक नोट कापून पाठवत. पहिल्या तुकड्याची पोच आली की दुसरा. पुण्याला छापखान्यात असलेल्या धाकट्या भावानं असाच पहिला तुकडा पाठवला. मास्तरांनी पोच धाडली, पण तोवर तो साथीच्या तापात गेला होता.

"मंग इतक्या नोटा कशाला?" मी विचारलं.

"त्याच नंबराचा जोड हुडकून राह्यलो, साहेब. हुडकता हुडकता नाद लागला."

आम्ही नंबर ताडून पाहिले. एकाही तुकड्याचा दुसऱ्याशी मेळ बसेना. गुन्हाच नव्हता. मी पेटी परत दिली.

मास्तरांनी भावाचा तुकडा काढून उलटा केला. मागं आमचा जाड कागद. त्या नोटांची पाठ कोरी असे, त्यावर लोक लिहीत, हे मला ठाऊक होतं. मी पाणी लावून तुकडा हळूच सोडवला. शाई खळीत उतरून नुसता निळसर डाग राहिला होता. काय लिहिलं होतं, असं मी खाली मान घालून विचारलं.

"अण्णा, पोच मिळताच दुसरा धाडतो," मास्तर म्हणाले. "त्याचं अक्षर तेवढंच व्हतं माझ्यापाशी."

पुढं नोकरीभर झडतीत कुणी एखादी वस्तू राहू द्या म्हटलं की आधी मी 'का' विचारत आलो. मास्तरांना मी ते विचारलं नव्हतं, याचं दुःख अजून जात नाही.

नियमाप्रमाणे त्यांनी जाताना पोच लिहून दिली. सुंदर अक्षरात लिहिलं, माल जसा नेला तसा परत मिळाला.