रास्ता रोकोत वाळलेलं सोयाबीन

ये गं, जवळ बस. आल्या आल्या जायची घाई कसली तुला? एस्टी चुकली तर चुकली. एस्टीवरनं आठवलं, मागं एक माणूस मला एस्टीच्या खिडकीतूनच दिसला होता.

पाथरीच्या रस्त्यावर हमीभावासाठी रास्ता रोको चालला होता, म्हणून आमची गाडी थांबलेली. पुढारी भाषण करायलते. हा मात्र मोकळ्या डांबरावर सोयाबीन पसरून पायानं हलवायलता. सरकारी खरेदी केंद्रानं माल ओला म्हणून परत धाडला होता, अन् खरेदीचा तो शेवटचा दिवस. मधेच घोषणेला हात वर करायचा, मग दाणा चावून बघायचा अन् तोंड वाकडं करायचा.

तेवढ्यात एका साहेबानं येऊन आश्वासन दिलं अन् पुढारी उठले.

"दादा, इतक्या लवकर कसं पटलं तुमाला?" हा म्हणाला. "अजून घंटाभर भांडा की. ऊन लय चांगलं हाय."

पुढाऱ्याला काय, बोलायला निमित्तच पाहिजे. बसले परत.

शेवटी दाणा त्याच्या दाताखाली कट्कन वाजला. मग आमी बाया खाली उतरून त्याला पोती भरू लागलो, अन् रस्ता मोकळा होताच त्याचा टेंपो सगळ्यांच्या आधी केंद्राकडं सुटला. त्या रास्ता रोकोनं कुणाचं भलं झालं असंल, तर त्या एकट्याचं.

जायलीस तर जा, पण लवकर ये परत. अन् वाटेत रस्ता अडला तर गाडीत बसून राहू नको, खाली उतर.